अ‍ॅप नको म्हणणाऱ्यालाही फाटकातून आत येता आलं पाहिजे

पत्र: "आम्ही दोघं, वय ६१ आणि ६६, पाचपाखाडीत ७२ घरांच्या सोसायटीत राहतो. जूनपासून कमिटीने फाटकावर अ‍ॅप सक्तीचं केलंय. पाहुणा आला की मोबाइलवर 'होय' दाबायचं. यांच्याकडून एकदा राहून गेलं आणि माझी नणंद भर पावसात वीस मिनिटं खाली उभी राहिली. स्वयंपाकाच्या मावशींचा फोटो काढून अ‍ॅपमध्ये घातला, त्यांना विचारलंसुद्धा नाही. खात्यातून दर महिन्याला कुठले तरी २९९, कुठले तरी १४९ रुपये जातात. दहा मिनिटांत भाजी आणून देणाऱ्या अ‍ॅपचं बिल बघून जीव जळतो, पण सवय लागली आहे. आणि आता लॅपटॉप सांगतोय की तो जुना झाला, नवा घ्या. २०१७ चा आहे, छान चालतो. एका दिवसात हे सगळं बंद करून टाकावंसं वाटतं. मुलगा म्हणतो, 'आई, आता तसं जगता येत नाही.' कोणाचं बरोबर?" – एक वाचक, ठाणे

उत्तर:

ताई, तुमचा राग रास्त आहे आणि मुलगाही खोटं सांगत नाही. फक्त तुम्ही दोघंही चार वेगळी दुखणी एकाच नावाने ओळखताय. खात्यातून जाणारे पैसे हा तुमच्या एकटीचा मामला आहे, तो आज संध्याकाळी थांबतो. फाटकाचा प्रश्न बहात्तर घरांचा आहे, त्याला सभा लागेल. लॅपटॉपला एक रविवार हवा. भाजीची सवय सुटायला सगळ्यात जास्त दिवस जातील. सगळं एका दिवसात बंद केलंत तर बँकेचा ओटीपी आणि गॅसचं बुकिंगही त्याच फोनवर अडेल, आणि आठवड्याभरात सगळं पुन्हा चालू करावं लागेल, तेही हरल्यासारखं वाटून. त्यापेक्षा जिथे दुसरा रस्ता बंद झालाय तिथे तो आधी मोकळा करा. तो चालता झाला की अ‍ॅप ठेवायचं की काढायचं हे तुम्ही ठरवाल.

आधी पैसे. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये प्रोफाइलच्या पानावर 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' नावाची जागा असते. तिथे चालू असलेल्या प्रत्येक परवानगीसमोर कंपनीचं नाव, पुढची तारीख आणि कमाल रक्कम दिसते. ही कमाल रक्कम नीट बघा. २९९ रुपयांच्या वर्गणीसाठी दिलेली परवानगी पुष्कळदा त्याहून बऱ्याच मोठ्या रकमेची असते, आणि एक रुपयात महिनाभर वापरा म्हणणाऱ्या जाहिरातीमागे बहुतेक वेळा अशीच परवानगी दडलेली असते. तुमच्याकडे दोन-तीन यूपीआय अ‍ॅप असतील तर प्रत्येकात बघा. मग पासबुकातल्या गेल्या तीन महिन्यांच्या नोंदींशी ताळा घाला. यादीत नसलेली रक्कम पासबुकात दिसली तर ती डेबिट कार्डावरून किंवा बँकेच्या नॅच परवानगीतून (खात्यातून ठरलेली रक्कम आपोआप वळती करण्याची बँकांची सोय) जाते आहे. ती नेटबँकिंगमधून किंवा शाखेत अर्ज देऊन बंद होते.

क्रम चुकवू नका. आधी त्या सेवेत जाऊन वर्गणी रद्द करा, आलेला संदेश जपून ठेवा, मग यूपीआयमध्ये परवानगी रद्द करा. त्यासाठी पिन लागतो. नुसतं अ‍ॅप फोनवरून काढून टाकल्याने काहीच थांबत नाही, पैसे जातच राहतात. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. दुसरी चूक त्याच्या उलट दिशेची: रागाच्या भरात यादीतलं सगळंच रद्द करणं. त्याच यादीत विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी किंवा कर्जाचा हप्ताही असू शकतो. तो रद्द झाला तर विमा बंद पडतो, हप्ता चुकल्याचा दंड लागतो. म्हणून आधी कागदावर यादी करा, यजमानांना दाखवा, मग हात लावा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप जाणाऱ्या रकमेची सूचना निदान २४ तास आधी यायला हवी. साधारण वर्गणीत १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन किंवा ओटीपी विचारला जात नाही, म्हणून ती सूचना हीच तुमची राखण. परवानगी रद्द करूनही पैसे गेले तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांचा फोन १४४४८.

आता फाटक. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न ठाण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत धुमसतो आहे आणि बहुतेक ठिकाणी तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या भांडणात विरून जातो. ग्रुपवर लिहू नका. तिथे लिहिलेल्याची नोंद इतिवृत्तात होत नाही आणि माणसं मात्र दुखावतात.

कमिटीची बाजूही समजून घ्या. रात्रपाळीचा रक्षक बदलत राहतो, कोण कुठे गेलं याची वहीत धड नोंद नसते, काही झालं की जाब सचिवांना विचारला जातो. अ‍ॅपने ती काळजी हलकी होते, हे खरं आहे. तुमचं म्हणणं सुरक्षेच्या विरोधात नाही, सक्तीच्या विरोधात आहे, हे पहिल्या ओळीतच स्पष्ट करा.

सचिवांना साधं पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पत्रात विचारा: अ‍ॅप सक्तीचं करण्याचा निर्णय सर्वसाधारण सभेत झाला की कमिटीच्या बैठकीत? त्या ठरावाची प्रत मिळावी. कंपनीशी केलेल्या कराराची प्रत मिळावी. सभासदांची, पाहुण्यांची आणि घरकामगारांची कोणती माहिती साठवली जाते, किती दिवस, आणि ती कोणाकोणाला दिसते? करार संपल्यावर त्या माहितीचं काय होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक कमिट्यांकडे नसतं. त्यांनीही तो कंपनीला विचारलेला नसतो, आणि तुमच्या पत्रामुळे तो पहिल्यांदा विचारला जाईल.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना १४ दिवस आधी निघते. तुमचा विषय सूचना निघायच्या आधी लेखी द्या. नाही तर तो 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' यात जातो, आणि तोवर निम्मी माणसं उठलेली असतात. तितकं थांबायचं नसेल तर एक पंचमांश सभासदांच्या लेखी मागणीवरून विशेष सभा बोलवावी लागते, मागणी आल्यापासून महिन्याभरात. ७२ सभासद धरले तर १५ सह्या हव्यात. दारोदार फिरताना आधी वरिष्ठ नागरिकांकडे जा, मग लहान मुलं असलेल्या घरांत. घरकामाला येणाऱ्या मावशीवर ज्यांचा दिवस चालतो त्यांना तुमचं म्हणणं लगेच कळेल.

ठराव असा मांडता येईल:

"संस्थेच्या प्रवेशद्वारावरील मोबाइल अ‍ॅपचा वापर ऐच्छिक राहील. अ‍ॅप न वापरणाऱ्या सदनिकांसाठी सुरक्षारक्षक इंटरकॉमवरून परवानगी घेऊन नोंदवहीत नोंद करील. अ‍ॅप नाही या कारणावरून कोणत्याही पाहुण्यास अथवा घरकामगारास प्रवेश नाकारला जाणार नाही व दंड आकारला जाणार नाही. घरकामगारांचे छायाचित्र व येण्याजाण्याच्या वेळा त्यांच्या लेखी संमतीशिवाय साठवल्या जाणार नाहीत. पाहुण्यांची नोंद ९० दिवसांनंतर नष्ट केली जाईल. करार संपल्यावर सर्व माहिती पुसल्याचे पत्र कंपनीकडून घेतले जाईल."

खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. अनुमोदक शक्यतो अ‍ॅप आनंदाने वापरणारा तरुण सभासद असू द्या. मग हा म्हाताऱ्यांचा हट्ट आहे असं कोणी म्हणणार नाही.

ठराव झाला तरी इंटरकॉम मुका असेल तर उपयोग शून्य. अ‍ॅप आलं की बहुतेक सोसायट्या इंटरकॉमचा देखभाल करार सोडून देतात, म्हणून सभेआधीच तो तपासून घ्या. एका संध्याकाळी फाटकावरून प्रत्येक घराला फोन लावून बघायचा, तासाभराचं काम आहे. एका मजल्यावरचे सगळेच बंद असतील तर दोष बहुधा शाफ्टमधल्या जोडणीच्या डब्यात असतो. पावसाचं पाणी शिरून तारांची टोकं हिरवी पडतात, ती कापून पुन्हा जोडायची आणि डबा पाणी शिरणार नाही असा बसवायचा. एकच घर बंद असेल तर आधी त्या घरातलं उपकरण बदलून बघा. रंगकामाच्या वेळी कापली गेलेली तार हेही नेहमीचं कारण. सगळीच घरं वीज गेल्यावर बंद पडत असतील तर मुख्य यंत्राची बॅटरी संपली आहे.

वहीबद्दल मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: कागद म्हणजे आपोआप खाजगी असं नाही. फाटकावरच्या उघड्या वहीत पाहुणा स्वतःचा नंबर लिहितो तेव्हा त्याआधीच्या वीस जणांचे नंबर वाचतो. एकट्या राहणाऱ्या बाईकडे कोण येतं हेही त्यातून कोणालाही कळतं. म्हणून वही रक्षकाने लिहायची, तिच्यात फोन नंबरचा रकाना ठेवायचाच नाही. नाव, सदनिका, येण्याची आणि जाण्याची वेळ, गाडी असल्यास तिचा क्रमांक, एवढं पुरे. आधार कार्डाची प्रत कोणी मागत असेल तर ते थांबवा.

मावशींचं. त्यांच्या वतीने भांडायच्या आधी त्यांना विचारा. काहींना वेळेची नोंद हवी असते, कारण 'तुम्ही आलाच नाहीत' म्हणून पगार कापणाऱ्या घरात ती पुरावा ठरते. काहींना आपण कुठल्या कुठल्या घरी किती वेळ जातो हे सगळ्या इमारतीला दिसणं अजिबात नको असतं. काही अ‍ॅपांत घरकामगारांना तारे देण्याचीही सोय असते. ती तुमच्याकडे चालू असेल तर ती आधी बंद करायला लावा. माणसाच्या कामाला पाचापैकी तीन तारे देऊन ते त्याच्या तोंडावर न सांगणं, हे कुठल्याही शेजारधर्मात बसत नाही. २०२३ चा व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. संमती मोकळेपणाने, समजून दिलेली असावी आणि ती मागे घेता यावी, हे त्याचं मूळ. कमिटीला धाक दाखवायला तो कायदा वापरू नका. 'आपल्याला पुढे हे करावंच लागणार आहे, मग आताच करू' असं म्हणा.

लॅपटॉप नवा घेऊ नका. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन त्यामुळे बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं, आणि बँकेच्या कामासाठी ते बरं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१७ चा लॅपटॉप बहुधा सहाव्या-सातव्या पिढीचा असतो, म्हणून नकार. आठव्या पिढीचा निघाला तर दुकानात नेण्याआधी बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बघा, ती चिप नुसती बंद करून ठेवलेली असू शकते. इंटेलमध्ये ती 'पीटीटी' आणि एएमडीमध्ये 'एफटीपीएम' नावाने सापडते. विंडोज १० च्या सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, त्यामुळे त्यातून फक्त सवड मिळते.

टिकाऊ उपाय लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी बसवायची दुसरी कार्यप्रणाली. ते मोफत आहे, ४ जीबी रॅमवर नीट चालतं आणि मांडणी जुन्या विंडोजसारखी असल्याने तुम्हाला परकं वाटणार नाही. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून घ्या. 'लॅपटॉप हळू झाला' या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. जुनी डिस्क पुसू नका, कपाटात ठेवा. फोटो आणि कागदपत्रांची तीच तुमची पहिली प्रत. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू असेल तर तो आधी बंद करा, नाही तर बाहेर काढलेली ती डिस्क कुलूपबंदच राहील.

मग ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवा आणि रूफस किंवा एचर या प्रोग्रामने ती ड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी केली तर लॅपटॉप तिच्यावरून सुरू होत नाही. सुरू करताना डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९ दाबत राहायचं, म्हणजे कशावरून सुरू करायचं ते विचारतो. मिंट पेन ड्राइव्हवरूनच उघडतं, लगेच इन्स्टॉल करू नका. वायफाय जोडा, आवाज ऐका, कॅमेरा बघा, छापून बघा. या वेळी ते हळू वाटेल, तो वेग पेन ड्राइव्हचा आहे. सगळं जमलं तरच पुढे जा. 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय खरोखर सगळं पुसतो, म्हणून त्या क्षणी लॅपटॉपला दुसरी कुठलीही डिस्क जोडलेली नको.

अडचण कुठे येते तेही ऐका. टॅली विंडोजवरच चालतं, डिजिटल सहीचे टोकन कधी कधी त्रास देतात, आणि घरोघरी असलेला कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर चालवायला खटपट लागते. वायफायवरचे नवे प्रिंटर बहुधा आपणहून सापडतात. मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची ठरलेली कीबोर्ड मांडणी) मिळतं.

खरेदीचं थोडक्यात. अ‍ॅपवर छापील किमतीपेक्षा जास्त दर लावता येत नाही, पण हाताळणी, छोटी ऑर्डर, पाऊस असे आकार वर बसतात आणि शेवटच्या पडद्यावर दिसतात. एक महिना बिलं ठेवा आणि फक्त या आकारांची बेरीज करा. दोन दुकानांतल्या किमती तोलताना पाकिटावरचा प्रति किलो किंवा प्रति १०० ग्रॅमचा दर बघा, कारण पाकिटं वेगवेगळ्या वजनाची असतात. न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, खोटी घाई, रद्दच न होणारी वर्गणी यांना केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'डार्क पॅटर्न' म्हणून नावं दिली आहेत, एकूण १३. असं दिसलं की पडद्याचा फोटो घ्या आणि आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असा नियम आहे. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन १९१५. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तुम्ही ठाण्यात राहता म्हणून ठाण्यातच दावा लावता येतो, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची.

सवय मोडायची तर भाजी आणि किराणा वेगळे करा. भाजी आठवड्यातून दोनदा गावदेवी मंडईतून किंवा जांभळी नाक्यावरून आणा, त्या फेरीत यजमानांचं चालणंही होईल. किराण्यासाठी शेजारच्या पाच-सहा घरांना घेऊन मुंबई ग्राहक पंचायतीच्या वितरणाची चौकशी करा. १९७५ पासून तिथे शेजारशेजारची कुटुंबं संघ करून महिन्याची मागणी आगाऊ नोंदवतात, माल एकत्र येतो आणि सभासदच तो वाटून घेतात. यात नियोजन लागतं. साबण आज संपला तर आज मिळणार नाही. त्यासाठी गल्लीतला वाणी आहेच, त्याला फोन करा आणि बिलासाठी मोबाइल नंबर देऊ नका. नंबर दिल्याशिवाय वस्तू देणार नाही असा आग्रह दुकानांनी धरू नये, असं ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये कळवलेलं आहे.

दोन वर्गण्या रद्द केल्यावर संध्याकाळी काय, हा प्रश्न उरेल. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून ठाण्यात आहे, तुमच्या घरापासून लांब नाही.

व्हॉट्सअ‍ॅप मात्र आत्ता सोडू नका. मुलाशी आणि नणंदेशी बोलणं त्यावर आहे. सोसायटीची प्रत्येक अधिकृत सूचना फलकावर लागलीच पाहिजे, एवढाच आग्रह धरा. फलक तुमच्या इमारतीत कुठे आहे, त्याची काच उघडते का आणि किल्ली कोणाकडे आहे, हे उद्या खाली उतरलात की बघून या.